कलमांवर बांधलेली कॅसेट

दादा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर आला तो मला अडवायला. पुण्याची गाडी फलाटाला लागली होती, मी खिडकीशी बसले होते, आणि त्याने गजांतून हात घालून माझ्या पिशवीचा बंद घट्ट धरला होता. "उतर गो खाली. लोक बघतायत," एवढंच तो दबक्या आवाजात म्हणत राहिला. मी कुठे राहणार, काय करणार, हे त्याने विचारलं नाही. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा मी त्याच्या बोटांत नखं रुतवली आणि पिशवी आत ओढून घेतली. गाडी वळताना मागे बघितलं ते फक्त तो चढला नाही ना, याची खात्री करायला.

दादा, परवा तू पाठवलेला व्हिडिओ मिळाला. तुझी नात चिमी मोबाइलवर गेम खेळतेय, आणि खाली तू लिहिलंयस, आत्याआजीवर गेलीय, आता घरी ये, झालं गेलं विसर. काय विसरायचं ते आधी एकदा नीट सांगते. हेच माझ्या मैत्रिणीला, जुबेदालाही पाठवतेय. जुबेदा, तूही वाच. तू लग्न होऊन मस्कतला गेलीस तेव्हा यातलं निम्मं तुला ठाऊकच नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या पावस गावाहून रोजची ये-जा नको म्हणून बाबांनी मला कॉलेजसाठी रत्नागिरीत आत्याकडे ठेवलं होतं. शेजारचं घर जुबेदाचं. दोघी एकाच वर्गात, बी.एस्सी.ला. तिचा भाऊ मस्कतला कामाला होता. एका सुट्टीत त्याने रंगीत टीव्ही आणला आणि त्याला जोडायचा गेमचा डबा. स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं, पण तिथे पोरांचा गराडा. मुलीने आत पाऊल टाकायची सोय नव्हती. आम्ही कॉलेज सुटल्यावर जुबेदाच्या घरी चटईवर बसून खेळायचो.

तिला जिंकायचं असायचं, मला ऐकायचं असायचं. एका गेममध्ये एक पाणबुड्या बुडालेल्या जहाजात मोती शोधायचा. तो खोल उतरला की वरचं खेळकर गाणं बंद पडायचं आणि खर्जातले सूर सुरू व्हायचे, थांबत थांबत, कोणी दबा धरून बसल्यासारखे. हवा संपत आली की तीच चाल दुपटीने पळायची आणि माझ्या छातीत धडधडायचं. विमानांच्या गेममध्ये हरल्यावर एक लहानशी उदास चाल वाजायची. ती मला इतकी आवडायची की मी जुबेदाला मुद्दाम हरायला लावायचे. ती चिडायची, पण हरायची.

आत्याकडे तिच्या यजमानांच्या मागे पेटी पडून होती. तिच्यावर मी या चाली शोधत बसायचे. त्या डब्यातून एका वेळी दोन-तीनच सूर निघायचे. तेवढ्यात त्यांनी अख्खा समुद्राचा तळ उभा केला होता. कोण ही माणसं, कुठे बसून हे बांधतात, याचा मला ध्यास लागला. टीव्हीला टेपरेकॉर्डर टेकवून मी सगळं टेप केलं. तेव्हा कोणी बोलायचं नाही असा नियम होता. जुबेदाची अम्मी सांदणं खायला बोलवायची तीसुद्धा खुणेने.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी पेटीवर पाणबुड्याची चाल वाजवली. आधी हशा पिकला. मग मागच्या पोरांनी चाल ओळखली, बाकांवर ठेका धरला, आणि संपल्यावर पुन्हा वाजवायला लावली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी पुन्हा म्हणालं होतं.

त्याच टाळ्यांनी घात केला. ही चाल मुलीला कुठून येते? पावसला बातमी पोचली की मी पोरांबरोबर गेमच्या दुकानात जाते. बाबा आणि दादा आत्याकडे येऊन थडकले. आत्या बिचारी मला सोडवायला म्हणाली की नाही हो, ती शेजारी जुबेदाकडेच खेळते.

"त्यापेक्षा दुकान बरं होतं," बाबा म्हणाले.

जुबेदा, भिंतीपलीकडे तू होतीस. हे वाक्य मी तुला आज सांगतेय.

त्याच दिवशी मला पावसला नेलं. कॉलेज बंद, परीक्षा तोंडावर. कलमांना कैऱ्या धरल्या होत्या. दादाने माझ्या कॅसेट फोडल्या, फिती उपसून काढल्या आणि पाखरं हाकलायला कलमाकलमांवर ताणून बांधल्या. उन्हात त्या चमकायच्या, वाऱ्यावर फरफरायच्या. बाबा अंगणातून बघत म्हणाले, "आता कायतरी उपयोग झाला त्यांचा." मी एका कलमावर चढून फीत सोडवायला गेले, तर हातात तुकडे आले. दादा खाली उभा राहून शीळ घालत होता.

पाणबुड्याचीच चाल होती ती, दादा. खोलातली, अगदी बिनचूक. म्हणजे त्या दुकानात तू बसत होतास. माझी बातमीही तिथूनच उचललीस. मी वरून तुझ्याकडे बघितलं, तुला ते कळलं, आणि तरी तू शीळ थांबवली नाहीस. फिती गेल्या त्याचं दुःख कधीच सरलं. त्या शिळेचा राग मात्र अजून ताजा आहे, आणि तो मला उतरवायचाही नाही.

परीक्षेला बसू दिलं ते आईमुळे. बी.एस्सी. झाली तर स्थळ बरं येईल, असं तिने बाबांना पटवलं. ते ती मनापासून म्हणाली की माझ्यासाठी, हे मला कधी कळलं नाही. निकाल लागला आणि पुण्याच्या एका टीव्हीच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून बोलावणं आलं. आईने पिशवी भरून दिली. पुढचं, स्टँडवरचं, तुला माहीत आहे, दादा.

पुण्याने काही मला पोटाशी धरलं नाही. घरमालकीण चारचौघींत माझा हेल काढून दाखवायची आणि 'गो' नाही, 'गं' म्हणावं, असं शिकवायची. कारखान्यात दिवसभर स्पीकर तपासायचे. एकच सूर कानात, घरी आल्यावरही वाजत राहायचा. पहिल्यांदा पैसे साठले तेव्हा जुना गेमचा डबा विकत घेतला आणि रविवारी आवाज चढवून खेळत बसले. मालकीण दार बडवायला आली. मी खोली बदलली, डबा ठेवला. पुढे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत काम मिळालं, तिथेच रमले. आता गेममध्ये पूर्ण वाद्यवृंद वाजतो. साठीला आलेली बाई कंट्रोलर धरून बसते म्हणून शेजारी हसतात. हसोत.

बाबा गेले तेव्हा मी पावसला आले होते. तेराव्यापर्यंत राहिले. तू माझ्याशी पाहुण्यासारखा बोललास आणि निघताना मुलांसाठी आंबे दिलेस. मला मुलं नाहीत, हे तुला माहीत नव्हतं.

तर झालं गेलं विसर म्हणतोस. मी येणार नाही. तू व्हिडिओ काढलास, पण चिमीच्या कानात हेडफोन आहेत हे बघितलंस का? ती मध्येच खेळायची थांबते, हात तसेच, मान हलत राहते. ती ऐकतेय, दादा. तिला कोणीतरी विचारायला हवं की काय ऐकतेस.

सुट्टीत तिला माझ्याकडे पाठव. इथे स्पीकर आहेत, पेटी आहे, आवाज किती ठेवायचा ते मी ठरवते. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच आहे, आणि आत कोणी यायचं तेही मीच ठरवते. तिला सोडायला तू आलास, तर लिफ्टपर्यंत ये. तिला आत बसव, चौथ्या मजल्याचं बटण दाब, आणि खालूनच माघारी जा.