साळूबाईंनी लावलेली जोड

साळूबाईंना कुणी "तुम्हाला जमायचं नाही" असं म्हटलं की संपलं. ते जमेपर्यंत त्या स्वतःही बसत नाहीत आणि दुसऱ्याला बसू देत नाहीत. गेल्या वर्षी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्या स्कूटी शिकल्या त्या अशाच. शिकताना शेजारच्या सोसायटीच्या कुंपणात घुसल्या, कुंपणालाच चार शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या दिवशी बाणेरपर्यंत जाऊन आल्या. सूसमध्ये त्यांची तीनमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण व्हिडिओ गेम बनवतो. साळूबाईंच्या शब्दांत, "शिकल्याली पोरं दिसभर खेळत्यात."

आमच्या गेममध्ये एक जादूचं राज्य आहे. नायिका हातात काठी घेऊन वेशीबाहेर पडते आणि ओढ्यावर तिला पहिला शत्रू भेटतो, जळत्या डोळ्यांचा तरस. त्याच्यात जीव किती, चावा किती लागतो, झेप घेण्याआधी तो किती वेळ थांबतो, हे आकडे ठरवणं माझं काम. मी निरंजन. त्या तरसाचा बाप म्हणा हवं तर.

बाप म्हणून मी त्याला खाऊपिऊ घालून माजवला. दोन वर्षं आम्ही सहा जण रोज त्याच तरसाला मारत होतो. हात बसला की तो सोपा वाटायचा. मग आमचा मुख्य, अनिमेष, म्हणायचा, "अरे, हा तरस आहे की शेळी? वाढव जरा." मी वाढवायचो. आम्ही तयार होत होतो आणि आम्हाला वाटत होतं की तरसच मऊ पडतोय. एवढी साधी गोष्ट सहा शिकलेल्या डोक्यांत एकदाही आली नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या सोमवारी गेमचा पहिला तास लोकांसाठी खुला व्हायचा होता. त्याआधी बाहेरचे अकरा जण बोलावून त्यांना खेळायला दिलं. शिवाय जन्मात गेम न खेळलेलं एक माणूस हवं होतं, म्हणून मी साळूबाईंना विचारलं. अनिमेष हसला. "काकूंना काय जमणार?"

साळूबाईंनी पदर खोचला आणि कंट्रोलर हातात घेतला.

तरसाने त्यांना चार सेकंदांत लोळवलं. दुसऱ्या खेपेला तीन सेकंदांत. सातव्या खेपेनंतर त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं.

"ही जोड कुनी लावली?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर पौडच्या पलीकडे. तिथल्या जत्रेत कुस्त्या होतात. सुरुवातीला रेवड्यांवरच्या, म्हणजे लहान पोरांच्या. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. पण तिथेही पंच कुणालाही कुणाशी भिडवत नाहीत. दोघांना शेजारी उभं करतात, खांद्याला खांदा लावून बघतात, दंड चाचपतात आणि मगच जोड लावतात. अकरा वर्षांच्या साळूने भावांबरोबर खळ्यावर डाव शिकले होते. त्या वर्षी ती परकर खोचून सरळ आखाड्यात उतरली. दयानंद पंचाने तिचा दंड चाचपला नाही की खांदा बघितला नाही. चौदा वर्षांचा एक आडदांड पोरगा पुढे केला. हलगीवर दुसरी टिपरी पडायच्या आत साळू उताणी पडली होती.

"समदा गाव हासला," साळूबाई म्हणाल्या. "मी परत कंदी उतरले न्हाई. त्येला त्येच पायजे व्हतं. ह्यो तुमचा तरसबी तसाच हाय. मानसाला हाकलायला बसवलाय. जीव कमी करा त्येचा."

"काकू," अनिमेष म्हणाला, "आमचे प्लेअर्स कसलेले असतात. त्यांना चॅलेंज लागतं. ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी हा गेमच नाही."

"जमत न्हाई व्हय? थांब मंग."

तीन दिवस त्या दुपारी वर येत राहिल्या. पडल्या की तरसाच्या खानदानाचा उद्धार करायच्या आणि पुन्हा सुरू. चाळिसाव्या खेपेच्या आसपास त्यांच्या लक्षात आलं की झेपेआधी तरस डावा पंजा मागे घेतो. त्रेचाळिसाव्या खेपेला तो पडला. आम्ही टेबलं बडवली. मी तर शिट्टी मारली.

सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या अनिमेषने. "बघितलंत? एकसष्ट वर्षांच्या काकूंनी मारला! म्हणजे बॅलन्स बरोबर आहे. आता तरसाला कुणी हात लावायचा नाही."

तीन दिवस झुंजून बाईंनी स्वतःचंच म्हणणं पाडलं होतं. आता बोलायला जागाच उरली नाही, असं मला वाटलं. साळूबाईंना तसं काही वाटलं नव्हतं.

"मी जितले म्हून जोड बरूबर ठरत न्हाई," त्या उठून उभ्या राहिल्या. "मी हट्टी हाय म्हून जितले. ती अकरा मानसं कुटं हायेत?"

मी यादी उघडली. तरसाला मारून पुढे गेलेले दोन. उरलेले नऊ चौथी खेप न खेळताच उठून गेले होते. त्यांच्या नावापुढे मीच 'अपूर्ण' लिहून त्यांना हिशेबातून वगळलं होतं.

"ते सिरीयस नव्हते," अनिमेष म्हणाला.

"मीबी न्हवते व्हय?" साळूबाईंचा आवाज चढला. "पन्नास वर्सं मी सोताला म्हनत आले, साळे, तुज्यात दमच न्हवता. आरं, दम व्हता! जोड खोटी व्हती. त्ये कळायला मला म्हातारी व्हावं लागलं. ह्या नऊ जनांनी कुटं जाऊन इचारायचं?"

मला त्या क्षणी माझाच भयंकर राग आला. मी खुर्ची ओढली आणि अनिमेषच्या डोळ्यांदेखत तरसाचे आकडे उघडले.

"निरंजन, मी नको म्हणालोय."

"मला काढून टाक," मी म्हणालो. "पण हा तरस मी माजवलाय, मीच त्याचा माज उतरवणार."

"सोमवारी लोक हसले तर तुझ्या नावावर," तो म्हणाला.

"चालेल."

रागाच्या भरात मी तरसाचा जीव पार निम्म्यावर आणला. साळूबाईंनी एकदा खेळून बघितलं, पहिल्याच दणक्यात तरस आडवा झाला आणि त्या माझ्यावरच उखडल्या. "ही काय कुस्ती हाय? मेल्याल्याला पाडून कुनी शड्डू ठोकतं का? जरा वाडीव." मी वाढवला. चावा कमी ठेवला, झेपेआधीचा थांबा लांबवला. पण साळूबाईंचा हात आता बसला होता, अगदी आमच्यासारखाच. हे मात्र त्यांनी स्वतःच ओळखलं. "मला इचारू नगंस. मी आता तुमच्यातलीच झाले. नवं मानूस आनते."

गेम बनवणाऱ्यांची नावं शेवटी पडद्यावर येतात, त्यांत तुमचं नाव घालू का, असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माजं कशाला? त्या तरसाला नाव द्या. दयानंद पंच." पंच जाऊन वीस वर्षं झालीत, त्यामुळे तक्रार यायची भीती नव्हती. अनिमेषने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाला नाही.

रविवारी साळूबाई धाकट्या बहिणीला, आक्काबाईंना, स्कूटीवर मागे बसवून माहेराहून घेऊन आल्या. पन्नास वर्षांपूर्वी आक्काबाई आखाड्याच्या काठावर बसून ती कुस्ती बघत होत्या. त्यानंतर त्यांनी कधी खळ्यावरसुद्धा डाव धरला नाही.

त्यांनी कंट्रोलर उलटा धरला. साळूबाईंनी तो सरळ करून दिला. पहिल्या खेपेला आक्काबाई पडल्या. आम्ही श्वास रोखून बघत होतो, आता उठतात की काय. "आगं, पंजा मागं घेतुया त्यो," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला तरस निम्मा खचला, मग पुन्हा त्याच पडल्या.

"सांगू का?" साळूबाईंनी विचारलं.

"गप बस. माजी मला खेळू दे."

साळूबाई माझ्याकडे वळल्या. "बसली जोड," त्या म्हणाल्या.

चौथ्या खेपेला तरस कोसळला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'दयानंद पंच चीतपट'. आक्काबाईंनी चष्मा वर करून ती हळूहळू वाचली आणि बहिणीकडे बघितलं.

"आपल्या गावचा त्यो पंच?"

"व्हय. त्योच."

आक्काबाईंनी कंट्रोलर घट्ट धरला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"मंग आजून येकदा लाव."