झारेकरणीची काठवट

मी रायचुराकडच्या सोन्याच्या खाणीत दगडांचे नमुने गोळा करायच्या कामावर होतो. निजाम सरकारची नोकरी, पगार बेताचा. आमच्या साहेबांनी शिकवलं होतं की धडधाकट खडकात सोनं नसतं. खडकाची तब्येत बिघडावी लागते. काळा रंग उडून तो हिरवट पडतो, त्यातलं लोखंड गंजून तांबडं होतं, मधून पांढऱ्या गारेची, म्हणजे गारगोटीची, रेघ जाते. असा दगड कुटायचा, पाण्यात धुवायचा आणि तळाशी काय उरतं ते बघायचं. तीन वर्षांत मला एवढं येऊ लागलं, आणि सगळंच येतं असं वाटू लागलं.

उन्हाळ्यात रजेवर घाटनांदूरला आलो तेव्हा चुलत्यांनी शेतात विहीर काढायला घेतली होती. आधीच्या दोन कोरड्या गेल्या होत्या आणि ही शेवटची, असं त्यांनी जाहीर केलं होतं. चुलती पाऊण कोसावरून घागरी आणायची. तिचे गुडघे आता तिचं ऐकत नव्हते.

काळा कातळ संपून खाली नुकताच तांबडा थर उघडा पडला होता. मी उतरलो. थरात हिरवे ठिपके, गारेचे चमकते खडे. हातभर खणून नमुने घेतले आणि वर येऊन चुलत्यांना बाजूला नेलं.

"काका, खडक बिघडलाय."

"मंग सुरुंग लावावा का?"

"सोनं असेल."

चुलते खाली बसले. नमुन्यांत भेसळ नको म्हणून त्यानंतर मी कुणालाही विहिरीत उतरू दिलं नाही.

धुवायला पसरट भांडं हवं होतं. गल्लीत एक झारेकरीण राहायची. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढणं हा तिचा धंदा. तिची जुनी लाकडी काठवट मागून आणली. तांबडा दगड धुतला, दोन पिवळे कण निघाले. हिरवा धुतला, एक निघाला. पडताळा म्हणून वरचा काळा कातळही धुतला, त्यातही एक निघाला. इथं शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "सोनं वरपर्यंत पसरलंय."

चुलत्यांचा आनंद जेवणापर्यंत टिकला. मग त्यांच्या ध्यानात आलं की सोनं सरकारचं, आणि त्यापाठोपाठ शेतही सरकारचं होणार. "कुणाला कळायच्या आत बुजवू बे," ते म्हणाले. दोन दिवस आम्ही विहिरीत मुरूम ढकलला. लोकांना सांगितलं, जागा चुकली.

तिसऱ्या दिवशी झारेकरीण काठवट न्यायला आली.

"आदी घासली व्हती का?" तिने विचारलं. "भेगांत लई कण ऱ्हात्यात. जुनी झाली की आमी काठवट जाळतो, राखंतनं सोनं काढतो."

मी रिकाम्या काठवटीत नुसतं पाणी फिरवलं. एक कण आला.

चुलत्यांना सांगायला मला संध्याकाळ झाली. ते रागावले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. "मंग म्या इहीर कावून बुजवली?" एवढंच म्हणाले.

चुलती दारात घागर उतरवत होती. ती म्हणाली, "सोन्याचं ऱ्हाऊ दे. त्यो तांबडा दगड वल्ला व्हता का कोरडा?"

ओला होता. चिकटून बसायचा, कुटायला येईना, म्हणून मी तो दिवसभर उन्हात वाळवला होता. हे तिला सांगताना माझी मान वर होईना. तिने घागर आत ठेवली आणि माझ्या हातात मुरूम उपसायचं टोपलं दिलं.