मन्मथअप्पांचे कान

मन्मथअप्पा चालू मोटरीवर पेचकसाचं टोक टेकवायचे, त्याची लाकडी मूठ जबड्याला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला ऊस चिरडण्याचा असा गदारोळ, की शेजारच्याचं बोलणं समजू नये. जरा वेळानं मान हलवून म्हणायचे, "ही आठ दिस बी न्हाई टिकत." आणि आठवड्यात तिचं बेअरिंग जायचंच. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते, दर हंगामापुरते.

मी सिरसाळ्याची. मेकॅट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करत होते. हा शब्द घरी कुणालाच जमला नाही; आई पाहुण्यांना सांगायची, "मशिनीची डाक्टरकी शिकतीय." बेअरिंग बिघडायच्या आधीच ओळखणारं यंत्र बनवायचं, हा माझा प्रबंध. म्हटलं, अप्पांच्या कानाला कळतं ते मायक्रोफोनला का कळू नये? अर्धा हंगाम मी मोटरींचे आवाज टिपले आणि प्रत्येकीपुढे अप्पा सांगतील ते लिहिलं, चांगली की जाणारी. समोरून विचारलं की लगेच उत्तर, पाठीमागून विचारलं तर ढिम्म. काय हा ताठा! "अप्पा, एवढा भाव काहून खाता?" असं मी एकदा तोंडावर म्हणालेही. ते नुसते हसले. "कामात आसलो की दुनियाच इसरतो मी, माय."

पण यंत्र काही शिकेना. डोळे झाकून ठोकून दिलं असतं, तरी तेवढंच बरोबर आलं असतं. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी स्पष्ट सांगितलं, महिनाभरात निकाल दाखवा, नाहीतर वर्ष गेलं. माझं डोकंच फिरलं. म्हातारा मला थापा मारतोय, दुसरं काय! तडक त्यांचं घर गाठलं. अप्पा अंगणात पाठमोरे बसून शेंगा सोलत होते. "अप्पा, तुम्ही माझं वर्ष बुडवलंत!" मी किंचाळले. शेजारपाजारचे बाहेर आले. अप्पा शेंगा सोलतच राहिले.

त्यांच्या बायकोनं, गंगाकाकूंनी, मला हाताला धरून आत नेलं. "आरडू नको माय. त्यायला ऐकूच येत न्हाई. मिलात राहून राहून कान गेले, धा वर्सं झाली. तोंडाकडं बगून वळखत्यात. कुणाला बोलू नको, पुढल्या सालाला घेणार न्हाईत."

दहा वर्षं! सगळा कारखाना ज्यांच्या कानांवर विसंबला होता, त्यांना ऐकूच येत नव्हतं. मोटर त्यांना हाडातून कळत होती. आणि मी शिकलेली शहाणी माईक लावून बसले होते!

काकूंनी सांगितल्याचं मी अप्पांना कळू दिलं नाही. माईक काढला आणि मोटरीच्या अंगाला कंपनं टिपणारा सेन्सर चिकटवला. अप्पा बिचारे पुन्हा माझ्याबरोबर एकेका मोटरीपाशी फिरले. या वेळी त्यांचं आणि यंत्राचं जवळजवळ दर वेळी जुळलं. तोंडी परीक्षेत विचारलंच, "आवाज सोडून कंपनांकडे का वळलात?" मी म्हणाले, "मिलमध्ये गोंगाट फार होता, सर." अप्पांचं गुपित मी जिवापाड जपलं. डिग्री मिळाली.

पुढच्या हंगामाला कारखान्यानं माझी यंत्रं बसवली. मी हरखून पेढे घेऊन अप्पांकडे गेले. काकूंनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. "औंदा ह्यायला बोलावणंच आलं न्हाई. मशीन बसलंय म्हणत्यात."

गुपित जपल्याचा तोरा मिरवत होते, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं!

अप्पांनी विचारलं, "चुकतं का गं कधी ते मशीन?"

"नाही, अप्पा."

"मंग चांगलंच शिकवलं म्हणायचं मी," ते म्हणाले, आणि खरोखरच खूश झाले.

त्यानंतर त्या घरी जायची मला हिंमत झालेली नाही.