तलवारी झाडणारा श्वेर्टफेगर

काही माणसं स्वतः काहीच विनोदी करत नाहीत, तरी त्यांच्याभोवती किस्से साचत जातात. आमच्या आर्नहेमच्या ऑफिसात असा एक जण आहे. जर्मन, साठीकडे झुकलेला, वेळेचा पक्का, आणि विनोद सांगण्याआधी "आता मी एक विनोद सांगतो" अशी रीतसर सूचना देणारा. त्याने सांगितलेला एकही विनोद मला आठवत नाही. पण त्याच्या आडनावावरून जे जे घडलंय, ते मी पुण्याला गेले की मैत्रिणींना सांगत बसते. मागच्या खेपेला एक जण वैतागून म्हणाली, "अगं, दर वेळी नवीन काहीतरी निघतंच! एकदाचं लिहून तरी काढ." म्हणून हे.

तर त्याचं नाव उवे श्वेर्टफेगर. विजेच्या ग्रिडचं सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या टीममधला सगळ्यात सीनियर इंजिनियर. राहतो सीमेपलीकडे जर्मनीत, रोज ट्रेनने आर्नहेमला येतो.

इथे ऑफिसात सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात. त्यामुळे मीही त्याला सरळ 'उवे' म्हणायचे. ऑफिसात काहीच अडलं नाही. अडलं ते घरी!

एकदा व्हिडिओ कॉलवर आईला सांगत होते, "आज फार दमले गं. दिवसभर उवे आणि मी, दुसरं कामच झालं नाही."

आईचा चेहरा एकदम गंभीर. "तुझ्या चिन्मयने शाळेतून आणल्या असतील. बारीक दातांची फणी पाठवून देऊ का?"

त्या दिवसापासून घरी तो 'श्वेर्टफेगर'.

* * *

आता हे श्वेर्टफेगर म्हणजे काय? 'श्वेर्ट' म्हणजे तलवार. आणि 'फेगन' म्हणजे आजच्या जर्मनमध्ये झाडणं, केर काढणं. डच भाषेतही शब्द जवळजवळ तेच. त्यामुळे आमची ऑफिस मॅनेजर मारायके, ती पक्की डच, तिने पहिल्याच दिवशी त्याचं आडनाव वाचून जाहीर केलं, "तलवारी झाडणारा!"

इथे वाढदिवस ज्याचा, त्यानेच सगळ्यांसाठी केक आणायचा असतो. उवे आपला केक घेऊन आला, तर त्याच्या टेबलावर लाल रिबन बांधलेला लांब दांड्याचा झाडू!

सगळे हसले. उवे हसला नाही. त्याने केक खाली ठेवला आणि तिथेच उभ्याउभ्या लेक्चर दिलं. जुन्या जर्मनमध्ये 'फेगन' म्हणजे झाडणं नव्हे, घासून चकचकीत करणं. लोहार नुसतं पातं करून द्यायचा. त्याला घासायचं, चकाकी आणायची, मूठ बसवायची, म्यान जोडायचं, हे सगळं श्वेर्टफेगरचं काम. ते झाल्याशिवाय तलवार विकायला जातच नसे.

मारायके म्हणाली, "म्हणजे तलवार करणार एक, लढणार दुसरा, आणि तुझे पणजोबा फडकं घेऊन मधे उभे!"

आम्हाला वाटलं, आता भडकणार. त्याने शांतपणे झाडू उचलला, उलटसुलट करून पाहिला, दांडा हलवला.

"मूठ सैल आहे," तो म्हणाला. "आमच्याकडून असा माल बाहेर गेला नसता."

आणि खालच्या मेंटेनन्सच्या खोलीत जाऊन, स्क्रू मारून घेऊन आला!

* * *

झाडूप्रकरणानंतर त्याने सूड उगवायला सुरुवात केली. जेवणाच्या टेबलावर जो भेटेल त्याला विचारायचं, "तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"

मारायकेचं आडनाव बाकर. म्हणजे पाव भाजणारे. तिच्या वाढदिवसाला तिने सुपरमार्केटचा केक आणला, तेव्हा उवेने खोक्यावरचं लेबल मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "तुमच्या घराण्याचा धंदा कधी बुडाला?"

मग माझी पाळी. मी म्हटलं, "कुलकर्णी म्हणजे गावाचं दफ्तर सांभाळणारे. जमिनींच्या नोंदी, हिशेब, सगळं लिहून ठेवायचं."

"पिढ्यानपिढ्या?"

"हो तर!" मी जरा ताठ बसले.

"मग तुझी टाइमशीट दर महिन्याला परत का येते?"

* * *

याच सुमाराला आमच्या टीममध्ये अल्ताफ आला. मूळचा मिरजेचा, पुण्यात नोकरी करून बायको आणि लहान मुलीसह इकडे आलेला. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून पहिल्या आठवड्यातच मला 'ताई' करून टाकलं. उवेला मात्र तो 'सर' म्हणायचा. "अरे, इथे सर म्हणत नाहीत," असं मी किती वेळा सांगितलं! तो म्हणे, "ताई, त्यांचं वय बघा. तोंडातनं नाव फुटतच नाही."

पहिल्याच जेवणाला उवेने ठरलेला प्रश्न विचारला. अल्ताफ जरा लाजला. "शिकलगार, सर. म्हणजे, शस्त्रं असतात ना, तलवारी, खंजीर, त्यांना शिकल करणारे. शिकल म्हणजे घासून धार लावायची, चमक आणायची. आता कोण करत नाही आमच्यात. वडील शाळेत भूगोल शिकवायचे."

उवेने काटा खाली ठेवला. उठला. टेबलाला पूर्ण वळसा घालून अल्ताफपाशी आला आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"व्यवसायबंधू!" तो म्हणाला.

बिचारा अल्ताफ अर्धवट उभा राहिला, तोंडात घास. माझ्याकडे बघून हळूच मराठीत म्हणाला, "ताई, ह्यांना सांगा की मी पायथन लिहितो."

* * *

दोन-दोन तलवारवाले ऑफिसात, आणि पँट्रीतली केक कापायची सुरी इतकी बोथट, की तिने केक कापला जात नसे, दाबला जाई. मारायके ही संधी कशी सोडेल? एका शुक्रवारी केकसमोर सुरी ठेवून ती म्हणाली, "आज घराण्याची इज्जत पणाला आहे!"

उवे घरून धार लावायचा दगड घेऊन आला होता. नवा कोरा, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. अल्ताफने फोनवर व्हिडिओ लावला. उवे म्हणाला, दगड पाण्यात भिजवायचा. अल्ताफ म्हणाला, "तेल लागतं सर, मी माझ्या चुलत्यांना बघितलंय." मग थोडं पाणी, थोडं तेल. एकाने दगड धरला, दुसऱ्याने सुरी. आम्ही सगळे कॉफीचे कप घेऊन भोवती उभे.

बराच वेळ खसाखसा आवाज आला. मग उवेने सुरी उजेडात धरली, अल्ताफने डोळे बारीक केले, दोघांनी गंभीरपणे मान डोलावली. सुरी केकवर ठेवली. केक दबला!

शेवटी माझ्या डब्यातल्या स्टीलच्या झाकणाने केक कापला.

पहिला तुकडा तोंडात टाकत मारायके म्हणाली, "लोक म्हणतात बंदुका आल्या म्हणून तलवारी गेल्या. खरं कारण आज कळलं."

* * *

उवेला एक नाद आहे. कोणत्या आडनावाची माणसं जर्मनीत कुठे किती राहतात, त्याचे नकाशे इंटरनेटवर मिळतात. जरा वेळ मिळाला की तो ते उघडून बसतो. एकदा त्याने आम्हाला दाखवलं. म्युलर, म्हणजे पीठ दळणारे, टाईप केलं तर सगळा देश लालभडक. श्मिट, म्हणजे लोहार, तेही तसंच. मग श्वेर्टफेगर. नकाशा जवळजवळ पांढरा. इथे एक फिकट ठिपका, तिथे एक.

मी नीट पाहिलं आणि म्हटलं, "अरे, पण खाली लिहिलंय ना, 'टी'च्या आधी 'डी' घालून शोधलं तर आणखी सापडतील. बघ, कितीतरी आहेत!"

"ते आमच्यातले नव्हेत," उवे म्हणाला.

"अर्थ तोच, काम तेच, उच्चारसुद्धा तोच!"

"त्यांच्यात 'डी' आहे."

अल्ताफही नकाशा बघत होता. तो म्हणाला, "सर, माझ्या पासपोर्टवर शिकलगार लिहिताना 'के' नंतर 'ए' आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या पासपोर्टवर तो 'ए' राहून गेलाय."

उवेने चष्मा काढला. विचार केला. अगदी प्रामाणिकपणे विचार केला!

"तुम्ही एकाच घरात वाढलात?"

"एकाच खोलीत, सर."

"कठीण आहे," उवे म्हणाला.

* * *

अल्ताफची मुलगी आलिया इथल्याच शाळेत जाते. घरी मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते. शाळेत बाईंनी सगळ्यांना आपापल्या आडनावाचा अर्थ सांगायला लावला. बाकर, फिसर, स्मिट अशी पोरं पटापट सांगून बसली. पाव भाजणारा, मासे धरणारा, लोहार. मग आलिया उभी राहिली.

अल्ताफने आदल्या दिवशी तिला तलवारी, शिकल, सगळं समजावून सांगितलं होतं. पण घरात फोन आला की आईबाबा आडनाव सांगून पुढे काय म्हणतात, ते तिने रोज ऐकलं होतं.

तिने वर्गाला सांगितलं, "शिकलगार म्हणजे, थांबा, स्पेलिंग सांगते."

उवेला हे इतकं आवडलं, की तेव्हापासून फोनवर तोही आडनाव सांगून झालं की "आणि अर्थ विचारू नका, अर्थ स्पेलिंगच आहे" असं पुढे जोडतो. समोरच्याला काही कळत नाही. उवे एकटाच खूश!

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मी नेहमी जरा थांबते.

उवेला एकच मुलगी, लेना. भाऊ आहे, त्याला मूलबाळ नाही. लेना आर्नहेममध्येच येरून नावाच्या डच मुलाबरोबर राहते. येरूनचं आडनाव डे योंग. म्हणजे तरुण. नेदरलँड्समध्ये दगड मारला तर डे योंगला लागेल! लेनाला दिवस गेले, आणि उवेचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणंच आटलं.

आम्हाला आधी लक्षात आलं नाही. चिडवायची सवय लागलेली. अल्ताफ म्हणाला, "सर, नातू डे योंग होणार! चांगलंच की, कधी म्हातारा होणार नाही."

सगळे हसलो. उवेने ट्रे उचलला आणि अर्धं जेवण तसंच टाकून निघून गेला.

संध्याकाळी अल्ताफ त्याच्या टेबलापाशी गेला. मी मागेच होते. "सर, चुकलं माझं," तो म्हणाला.

"तुझं काही चुकलं नाही," उवे म्हणाला. "डे योंग चांगलं नाव आहे. येरूनही चांगला मुलगा आहे. बाळाला कोणाचं आडनाव द्यायचं ते इथे आईबाप ठरवतात, आजोबा नाही. आमच्या दारावर वडिलांच्या वेळची पितळी पाटी आहे. दर रविवारी मी ती पुसतो. माझ्यानंतर कोण पुसणार, एवढंच मनात येतं. बस."

अल्ताफ खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसला. ते दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी डबा घ्यायच्या निमित्ताने तिथून निघाले. पण त्या दिवसापासून अल्ताफचं 'सर' सुटलं. तो त्याला उवे म्हणायला लागला.

मग एके दिवशी उवे उशिरा आला. उवे, उशिरा! हातात मोठा ट्रे. बाळ झालं की इथे कडक टोस्टवर लोणी लावून वर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पसरून वाटतात. मुलगी झाली होती. गुलाबी गोळ्यांचा ट्रे त्याने टेबलावर ठेवला आणि स्वतः बसला. आम्ही अभिनंदन केलं, फोटो पाहिले. नावाचं मात्र विचारायला कोणी धजेना. मारायकेसुद्धा टोस्टच खात राहिली!

मग त्याने आपणहून सांगितलं.

बाळ झाल्याचा फोन आल्यावर तो आणि त्याची बायको बिर्गिट हॉस्पिटलात निघाले. गाडीतच बिर्गिटने दटावलं, "तिथे आडनावाबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही. वचन दे." त्याने दिलं.

लेना थकून पडलेली. येरून पलंगाच्या कडेला बसलेला, दोन रात्री न झोपलेला, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. बाळ उवेच्या हातात दिलं. तेवढ्यात नर्स आत आली. बाळाच्या मनगटावर बांधायच्या पट्टीवर नाव लिहायचं होतं. "पहिलं नाव कळलं, मीरा," ती म्हणाली. "आडनाव?"

उवे म्हणाला, "मी बाळाला घेऊन खिडकीकडे तोंड केलं. मला माझा चेहरा कोणाला दाखवायचा नव्हता. बाहेर पार्किंग होतं. मी गाड्या बघत राहिलो."

मागून येरूनचा आवाज आला. "मी सांगतो. नीट लिहून घ्या हं. एस."

मग जरा थांबून, "सी."

मग, "एच."

आणि मग काहीच नाही. नर्स पेन धरून उभी. लेना डोळे मिटून हसतेय. येरून लेनाकडे बघतोय, छताकडे बघतोय, ओठांतल्या ओठांत पुन्हा पहिल्यापासून म्हणून बघतोय. बिर्गिट उवेच्या पाठीकडे बघतेय.

"मग?" मारायके म्हणाली. "मग तू काय केलंस?"

उवेने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"मी खिडकीबाहेरच बघत होतो," तो म्हणाला. "आणि अगदी हळू म्हणालो, 'डब्ल्यू.'"