पडवीतला दिवा

मंडळी, आज सकाळपासून पूर्णगडच्या आमच्या घरी लाइट टिकत नव्हती. मेनचा एमसीबी वर केला की लगेच पडायचा.

शेवटी घरातली सगळी बटणं बंद केली, एमसीबी वर केला आणि एकेक बटण लावत गेले. फ्रिज ठीक, पंखे ठीक, पंपही ठीक. पडवीतल्या, समुद्राकडच्या दिव्याचं बटण दाबलं आणि एमसीबी पुन्हा पडला. खाऱ्या वाऱ्याने होल्डर पार खाल्ला होता.

आमच्याकडे घरची होडी समुद्रात असेपर्यंत हा दिवा मालवत नाहीत. माझा दादा गेल्या वर्षी होडी घेऊन गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून दिवा दिवसाही चालू असतो.

आईला म्हटलं, "दोष त्या दिव्यात आहे गो. तेवढा बंद ठेवूया, बाकीचं घर चालेल."

ती म्हणाली, "बाकीचं घर राहूदे काळोखात. तेवढा लाव."

बाजारातून नवा होल्डर आणून बसवला. भर दुपारच्या उन्हात दिवा लागलेला कळतही नव्हता. आई खाली उभी राहून, डोळ्यांवर हात धरून, तो लागलाय ना हे बघत राहिली.

तुमच्या घरी आहे का असं एखादं बटण, जे बंद करायला कुणाचा हात धजत नाही?