पुसलेलं रोप

शहरातल्या छावणी भागात मी ज्या बाईंकडे स्वयंपाक करते, त्या पूर्वी कॉलेजात झाडाझुडपांचा विषय शिकवायच्या. आता घरीच असतात. गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत, पण सकाळी चहा झाला की संगणकासमोर बसतात ते मी ताट वाढेपर्यंत उठत नाहीत. मला वाटायचं, लोक टीव्ही बघतात तसं ह्या काहीतरी बघत असतील. पुढं कळलं, की ते काम आहे. किडे खाणाऱ्या झाडांची एक मोठी यादी आहे, ती इंटरनेटवर आहे आणि ठिकठिकाणची माणसं मिळून ती लिहितात. कुणी कोकणातलं, कुणी कोल्हापूरकडचं, कुणी आणखी कुठलं. एकमेकांना बघितलेलं नाही, पण रोज बोलणं असतं. कुणाला झाड दिसलं की त्यानं फोटो टाकायचा, माती कशी होती, पाणी कुठून येत होतं, पानाला कोणते किडे चिकटले होते, ते लिहायचं. मग दुसऱ्या गावच्या दोघांनी बघून हो म्हटलं, तरच ते यादीत पक्कं होतं. आपलं आपण पक्कं करायचं नाही. आणि नेमकी जागा कुणालाही दाखवायची नाही, नुसता तालुका लिहायचा, नाहीतर लोक जाऊन रोपं उपटून आणतात.

हे सगळं मला बाईंनी सांगितलं नाही. फरशी पुसताना त्या फोनवर बोलायच्या, ते ऐकून कळलं. मला विचारायची सवय नाही. चौथीनंतर मला शाळा नव्हती, मेंढरं होती. मेंढरांशी फार बोलावं लागत नाही.

एके दिवशी संगणकाची काच पुसत होते, तर पडद्यावर एक रोप होतं. बारीक, उभं, लालसर. पानं दोऱ्यासारखी, त्यांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब. माझा हात थांबला. ते रोप मी ओळखत होते. सिल्लोडच्या पलीकडं आमच्या वस्तीमागं पठार आहे. तिथं भादव्यात खडकातून पाणी पाझरतं. त्या ओलीवर ही रोपं यायची. मेंढरं त्यांना तोंड लावायची नाहीत. आम्ही पोरी त्यांना चिकटी म्हणायचो, आणि ती एकमेकींच्या हाताला लावून पळायचो.

हे मी बाईंना दोन दिवस सांगितलं नाही. म्हटलं, त्यांच्या पुस्तकातलं झाड आपल्या माळावर कसं असेल, हसतील. तिसऱ्या दिवशी कणीक मळताना, त्यांच्याकडं पाठ करून म्हणाले, "बाई, ते लाल केसांचं झाड आमच्याकडं हाय."

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, पण त्या दिवशी लागला नाही.

"कुठं आमच्याकडं?"

मी पठाराचं सांगितलं. बाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला संगणकासमोर नेलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आमच्या जिल्ह्याची ओळ होती. तरुणपणी बाई मुलांची सहल घेऊन त्याच पठारावर गेल्या होत्या आणि त्यांनी हेच रोप पाहिलं होतं. त्या काळी रोप उपटून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवायची पद्धत होती. बाईंनी उपटलं नाही. चारदोनच होती, म्हणाल्या, त्यांतलं एक कसं काढायचं. म्हणून पुरावा राहिला नाही, आणि त्यांच्या ओळीपुढं प्रश्नचिन्ह बसलं. आता सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, की हा हंगाम संपेपर्यंत ज्या ओळीला फोटो मिळणार नाही ती काढून टाकायची.

"मी पाहिलं म्हणजे पाहिलं," बाई म्हणाल्या. "पण आता माझं कोण ऐकतंय. काही जणांना वाटतं, म्हातारीला भास झाला असेल."

भादव्यात महालक्ष्म्यांच्या सणाला मी माहेरी जाणारच होते. एसटीनं सिल्लोडला उतरले, तिथून भाऊ घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी वहिनीला घेऊन पठारावर गेले. हातात पाण्याचा तांब्या होता.

"काय वन्सं," वहिनी म्हणाली, "माहेरी आलात ते माळावरचं गवत बघायला व्हय? आमच्या तोंडाकडं बघा की जरा."

"वैनी, तुमचं तोंड कुठं पळून चाललंय."

"मग हे गवत चाललंय व्हय पळून?"

ती हसत होती, पण रोपं तिनंच आधी शोधली. आठ-दहा होती. मला इतका आनंद झाला की आधी काही सुचेना. मग मी ते केलं, जे आमच्यात कुणीही केलं असतं. फोटो काढायचा म्हणजे तोंड धुवायचं. आमच्याकडं जत्रेत फोटोवाला आला की बाप मेंढराचंसुद्धा तोंड ओल्या फडक्यानं पुसायचा. त्या रोपावर चिलटं मेलेली होती, मुंगीचा पाय होता, धूळ बसली होती. वहिनीनं तांब्यातलं पाणी घातलं, मी पदराच्या टोकानं हलक्या हातानं प्रत्येक पान पुसलं. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत चांगलं रोप निवडून पुसलं. स्वच्छ झालं. मग फोटो काढले आणि तिथूनच बाईंना पाठवले. बाकीच्या रोपांचे काढलेच नाहीत, कशाला, ती तर मळकी होती.

परत आले तेव्हा बाईंनी फोटो यादीत टाकलेले होते. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. कोल्हापूरकडचे एक सर सगळे फोटो तपासतात. त्यांनी लिहिलं होतं, ते बाईंनी वाचून दाखवलं. "पानांवर थेंब नाही, केस दिसत नाहीत, किडा एकही नाही. दुसऱ्या कुठल्या तरी तणाची काडी वाटते. पक्कं करता येणार नाही."

मला त्याच क्षणी कळलं. थेंब मी पुसले होते. केस माझ्या पदराला लागून गेले होते. किडे म्हणजे तर त्या झाडाची ओळखच, आणि मी ती घाण म्हणून काढली होती. पण मी भाजी चिरत राहिले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवस बोलले नाही. रोज ठरवायची, आज सांगू. रोज भांडी घासून घरी जायची.

मग एके सकाळी गेले तर बाई संगणकासमोर होत्या आणि त्यांचा आवाज वेगळा होता.

"मी त्यांना लिहून टाकते," म्हणाल्या, "माझी ओळ काढा म्हणून. कदाचित मीच चुकले असेन. तेव्हा काय बघितलं, आता कुणाला आठवतंय."

मला ते ऐकवेना. माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडत होतं, आणि ते माझ्या पदरामुळे.

"बाई, मी पुसलं," मी म्हणाले.

"काय पुसलं?"

"झाड. फोटोआधी पुसलं. पदरानं. वैनीनं पाणी घातलं."

बाईंनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "धुतलंस? कीटक खाणारं झाड तू धुतलंस?"

"व्हय."

"भांड्यासारखं?"

"लेकरासारखं," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

बाई आधी चिडल्या, आठ दिवस गप्प का बसलीस म्हणून. ते खरंच होतं. मग त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून ठेवला. "हे तूच सांगायचं सगळ्यांना," म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी ओळ वाचवायला गोष्ट रचते."

अनोळखी माणसांशी मी फोनवर कधी बोलले नव्हते. लिहायला लागले तर अक्षर जुळवता जुळवता दुपार झाली असती. बाईंनी फोनमधलं आवाजाचं बटन दाबून धरायला शिकवलं. पहिल्यांदा नुसताच कुकरच्या शिट्टीचा आवाज गेला. दुसऱ्यांदा नाव सांगून मी बटन सोडूनच दिलं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून बोलले. मी कोण, कुठं मेंढरं राखली, रोप कसं पुसलं, आणि न पुसलेलं कसं असतं. बोटाला लावलं की पाकासारखी तार सुटते. चिलट बसलं की केस हळूहळू त्याच्याकडं वाकतात, बघत बसलं तर कळत नाही, मेंढरं हाकून परत आलं की कळतं.

सरांचं उत्तर आलं तेव्हा मी ओट्याला टेकून उभी होते. ते म्हणाले, "ताई, तुम्ही ते झाड पाहिलंय, यात मला शंका नाही. पण यादीत विश्वास लिहायला रकाना नाही. फोटो लागेल." त्यांच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. मला ते पटलं. मेंढरं मोजतानाही बाप कुणाच्या सांगण्यावर जायचा नाही, स्वतः हात लावून मोजायचा.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी परत गेले. बाईंनी सगळं शिकवून पाठवलं होतं. पोटावर झोपायचं, फोन रोपाच्या उंचीला धरायचा, शेजारी काडेपेटीची काडी ठेवायची म्हणजे उंची कळते, आणि कशालाही हात लावायचा नाही. नवरात्रात मी अनवाणी असते. पठार तापलेलं होतं, पाझर आटला होता. जिथं आठ-दहा होती तिथं तपकिरी काड्या उरल्या होत्या. मी पुसलेलं रोप तर ओळखूही आलं नाही. एवढं मोठं पठार, आणि मला वाटलं, बाईंची ओळ इथंच संपली.

वहिनीनं हाक मारली. एका खडकाच्या सावलीत हातभर ओल राहिली होती, तिथं दोन रोपं होती, बोटाएवढी. एकावर चिलट आत्ताच बसलेलं होतं. जिवंत होतं. एक पाय सुटला होता, बाकीचे अडकले होते, आणि ते तो एक पाय सारखा हलवत होतं.

"अगं बाई," वहिनी म्हणाली. "सोडवा की त्याला, वन्सं. काडीनं सुटंल."

माझ्या हातात काडी होतीच. मेंढराच्या अंगात काटा शिरला, कोकरू डबक्यात पडलं, की आम्ही आधी काढायचो, मग बाकीचं. हात तिकडं गेला होता. मी काडी जमिनीवर ठेवली, रोपाच्या शेजारी, सांगितली होती तशी, आणि फोटो काढत राहिले. वहिनी उठून बाजूला जाऊन उभी राहिली.

फोटो दुसऱ्याच दिवशी पक्के झाले. आधी कोकणातल्या एका बाईंनी हो म्हटलं, मग सरांनी. सरांनी खाली एवढंच लिहिलं, की जुन्या नोंदीबद्दल शंका घेतली त्याचं वाईट वाटतं. बाईंच्या ओळीपुढचं प्रश्नचिन्ह गेलं. त्या आनंदानं काही बोलतील असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. नंतर म्हणाल्या, "चारदोनच होती गं. म्हणून उपटलं नाही." जणू मीच त्यांना विचारलं होतं.

नवीन माणसांसाठी जी सूचना असते, तीत आता एक ओळ वाढली आहे: फोटोआधी रोप धुऊ किंवा पुसू नये. ती वाचून कुणालाही वाटेल, असं कोण करतं.

तो फोटो मी कधी कधी उघडून बघते. लोक त्यात थेंब बघतात, केस बघतात. मला तो सुटलेला पाय दिसतो. काडी माझीच आहे, शेजारी पडलेली. बाईंचा शब्द खरा ठरायला ते चिलट तसंच राहायला हवं होतं, हे मला कळतं. पुन्हा गेले तरी मी तेच करीन, असंही वाटतं. पण ते म्हणताना मन हलकं होत नाही.

पक्कं झालं त्या संध्याकाळी मी वहिनीला फोन केला. म्हटलं, वैनी, आपलं झाड यादीत लागलं. ती म्हणाली, "बरं झालं, तुमच्या बाईचं काम झालं."  मला वाटलं, आता फोन ठेवेल.

"वन्सं," ती म्हणाली, "त्या चिलटाचं काय झालं असंल हो?"

मी म्हणाले, "मी तोवर थांबले नाही, वैनी."