चिमट्याचा जोड

उंब्रजला लालासाहेबांच्या शेडवर बोर्ड नाही. तरी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ज्याच्याकडं जुनी गिअरची डोंगरी सायकल आहे, त्याला ते शेड बरोबर सापडतं. सैन्याच्या वर्कशॉपात चोवीस वर्षं वेल्डर म्हणून काढून लालासाहेब हवालदार म्हणून परत आले. वाटणीचा ऊस भावाकडं सोपवला आणि घराशेजारी पत्रे ठोकून गॅसचं काम सुरू केलं. ट्रॉलीचे कठडे, दाराच्या बिजागऱ्या, असलंच काहीबाही. मग पाचगणीहून कुणीतरी मोडक्या फ्रेमची सायकल घेऊन आला. चार ठिकाणी त्याला भंगारात टाकायला सांगितलं होतं. लालासाहेबांनी नळी बोटांनी चाचपली, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ही पातळ पोलादाची हाय. विजेच्या वेल्डिंगनं जळंल. हिला गॅसवर पितळ पायजे." ती सायकल अजून चालते.

आमच्या ग्रुपला ते तिथून मिळाले. आम्ही चाळीसेक जण आहोत. कराडचा धैर्यशील हा ग्रुपचा कारभारी, त्याचं खताचं दुकान आहे. मी सांगलीचा, बँकेतला. कुणी डॉक्टर, कुणी शिक्षक, दोघं गुऱ्हाळवाले. सायकल पोलादी पाहिजे, सन दोन हजारच्या आधीची पाहिजे आणि पुढं-मागं कुठंही स्प्रिंग नको, एवढीच अट. बाहेरच्या माणसाला आमचं वेड कळत नाही. एका मूळ स्क्रूसाठी आम्ही ग्रुपवर दोन-दोन दिवस भांडतो. मूळ रंग, मूळ पेडल, मूळ चिमटा. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं ती दुपायी नळी. लालासाहेबांना आमच्या या मूळपणाचं हसू यायचं. पण आम्ही नेलेली प्रत्येक मोडकी वस्तू ते उजेडात धरून, मान वाकडी करून बघायचे आणि ठेवून घ्यायचे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना त्यांच्या उजव्या डोळ्यावर धुकं आलं. पुढं डाव्यावरही थोडं आलं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. राहीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एवढंच दिसत होतं की नवरा चहाचा कप उचलायच्या आधी हातानं चाचपतोय. त्यांनी विचारलं की ते म्हणायचे, "धुरानं हुतंय." बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवणारा माणूस. कराडला जाऊन डोळा दाखवला आणि डॉक्टरनं काम बंद करा म्हटलं तर पुढं काय, या भीतीनं ते दिवस ढकलत राहिले. हाताला सवय आहे, हात बघून घेईल, अशी स्वतःची समजूत घालायचे.

पण पितळेचा जोड नुसत्या हातावर होत नाही. लोखंड तापताना त्याचा रंग ओळखावा लागतो. गडद लालवर पितळ आत शिरत नाही, नुसतं वर बसतं. त्याच्या पुढची उजळ लाली आली की ते पाण्यासारखं जोडात ओढलं जातं. त्या दोन लालींमधला फरक लालासाहेबांना दिसेनासा झाला होता.

नोव्हेंबरात क्रांती आपला चिमटा घेऊन आली. क्रांती मिरजेला शाळेत विज्ञान शिकवते. तिची सायकल वडिलांची. ते पाचगणीला खेळाचे शिक्षक होते आणि मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी मास्तरांनी जाताना ती त्यांना दिली होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. चिमट्याच्या वर हँडलकडं जाणाऱ्या उभ्या नळीला बुडाशी केसासारखी चीर पडली होती.

"दुसरा चिमटा बसव, पोरी," लालासाहेब म्हणाले.

"नको आबा. हाच पाहिजे. तुम्ही केलात की मला काळजी नाही."

ते वाक्य त्यांना फार जड गेलं, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं. पण कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी चिमटा ठेवून घेतला, जुनी उभी नळी काढली, नवी बसवली आणि पितळ नीट पसरावं म्हणून टाकणखार लावून ते सोडलं. वरून जोड सुरेख दिसत होता. आम्ही ग्रुपवर त्याच्या फोटोला लाइकचे अंगठे दिले.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आमची वर्षाची मोठी फेरी होती. उंब्रजहून चाफळ, तिथून चढून सडावाघापूरच्या पठारावर आणि मग पलीकडच्या घाटानं खाली तारळ्याला. दरवर्षी लालासाहेब हत्यारांची पेटी घेऊन पिकअपमध्ये मागून यायचे. या वेळी गुडघा दुखतोय म्हणून पिकअपमध्ये बसणार नाही म्हणाले. सकाळी सहाला त्यांनी आमच्या चाकांत हवा भरून दिली आणि आम्ही निघालो.

आठच्या सुमाराला ते शेडमध्ये रहिमतपूरच्या एका माणसाची फ्रेम घेऊन बसले. क्रांतीच्या चिमट्याच्याच दिवशी त्या फ्रेमचाही जोड केला होता. रंगाच्या आधी कानस मारायची राहिली होती. त्यांनी कानस फिरवली आणि पितळेचा पापुद्रा निघून बोटाला लागला. त्यांनी पुन्हा फिरवली. आणखी पापुद्रा निघाला. मग राहीबाईंची गोधडीची सुई मागून घेतली आणि फटीत घातली. सुई आत गेली, अडलीच नाही.

त्यांनी क्रांतीला फोन लावला. कव्हरेज क्षेत्राबाहेर. धैर्यशीलला लावला, मला लावला. पठारावर रेंज नसते हे त्यांना माहीत होतं, तरी ते उभ्या उभ्या लावतच राहिले. राहीबाई दारात येऊन बघत होत्या.

"अगं, चल माझ्यासंगं," ते म्हणाले.

"कुठं?"

"वर पठारावर. मोटारसायकलवरनं जायाचं. रस्ता सांगायला कोणतरी पायजे."

"तुमाला रस्ता ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय. दिसत न्हाई."

राहीबाई आत वळल्या. चुलीवरचं भांडं उतरवलं, पायात चप्पल घातली आणि मागं बसल्या.

कारखाने सुरू होते, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. राहीबाई नवऱ्याच्या खांद्यावरून पुढं बघत एकेक सांगत होत्या. "खड्डा हाय, डावीकडं घ्या. आता सरळ. ट्रॅक्टर यायलाय, थांबा जरा." चाफळच्या पुढं चढ लागला. एका वळणावर समोरून जीप आली तेव्हा लालासाहेबांना ती आवाजावरूनच कळली. राहीबाईंनी त्यांचा शर्ट इतका घट्ट धरला होता की खांद्याची शिवण उसवली. तेवढ्यातच त्यांनी विचारलं, "कवापासनं न्हाई दिसत?"

"पाऊस सरल्यापासनं."

"आन् मला आज सांगतायसा?"

लालासाहेबांनी गिअर बदलला. त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त पलीकडचा घाट होता. चढाला चिमट्यावर फारसा भार येत नाही. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की सगळं वजन त्या एका जोडावर येतं. चढ चढून झाला असेल तर पोरगी आता उताराला लागली असेल.

पठारावर पवनचक्क्यांखाली आम्ही नाष्टा केला होता. ते दोघं तिथं पोहोचले तेव्हा चहाचा टपरीवाला कप विसळत होता. "आत्ताच गेली की माणसं," तो म्हणाला, "दहा मिनिटं झाली असतील."

घाटाच्या दुसऱ्या वळणावर सात-आठ सायकली रस्त्याकडेला आडव्या पडल्या होत्या आणि माणसं घोळका करून वाकली होती. राहीबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचं सांगणं थांबलं. त्या गप्प झाल्या तसं लालासाहेबांनी गाडी तिथंच, रस्त्याच्या मध्यावर थांबवली. त्यांना फक्त रंगीत ठिपके दिसत होते.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. "सांग की."

पंक्चर माझ्या चाकाचं झालं होतं. क्रांती माझ्या शेजारी बसून पंप मारत होती. राहीबाईंना ती ओळखू आली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "बसलीया. धड हाय."

लालासाहेब उतरून आमच्याकडं आले ते हात पुढं धरून. आम्हाला वाटलं घरात काही झालं.

"क्रांती कुठं हाय? पोरी, सायकलला हात लावू नको. चिमटा काढायचाय."

"का आबा? मस्त चाललीय."

धैर्यशीलनं सायकल उचलली, चिमटा फिरवून बघितला. "आबा, कुठं चीर नाही, काही नाही. उगं घाबरलाय तुमी."

"वरनं न्हाई दिसायचं."

"मग तुमाला कसं कळलं?" धैर्यशीलनं विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. सगळ्यांच्या देखत, मान खाली न घालता. "माझा डोळा गेलाय, धैर्यशील. तापलेलं लोखंड मला नीट दिसत न्हाई. तरी मी जोड केला आन् हिला दिला. त्याच दिवसाचा दुसरा जोड आज उघडा निघाला. हिचा कसा हाय ते मला म्हाईत न्हाई."

क्रांतीचा चेहरा लाल झाला. तिला राग आला होता आणि तो लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "मी तुमच्यावर सोडलं होतं आबा. तेव्हाच नाही म्हणायचं होतं तुम्ही."

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "म्हणायचं हुतं."

तिची सायकल पिकअपमध्ये चढवली. फेरी तिथंच मोडली. मोटारसायकल धैर्यशीलनं चालवत आणली आणि ते नवराबायको पिकअपमध्ये बसून खाली आले. वाटेत दोघंही खिडकीबाहेर बघत होते.

शेडमध्ये आल्यावर प्रश्न उभा राहिला. जोड आतून कसा आहे हे कापल्याशिवाय कळणार नव्हतं आणि कापला की मूळ चिमटा गेला. जोड चांगला निघाला तर वडिलांची वस्तू फुकट जाणार. आमच्यातले दोघं कापू नका म्हणाले. लालासाहेब क्रांतीकडं तोंड करून उभे राहिले. क्रांती चिमटा मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "कापा."

करवत लालासाहेबांनी धैर्यशीलच्या हातात दिली. जोड उभा चिरला, दोन फाका झाल्या. एका फाकेत पितळ बुडापर्यंत गेलं होतं. दुसरीत वरून अर्ध्यापर्यंतच होतं, खाली काळी फट राहिली होती. धैर्यशीलनं ती फट त्यांच्या बोटाखाली धरली. त्यांनी नखानं मोजली.

"उतारावर मोडला असता?" क्रांतीनं विचारलं.

"आज मोडला असता का धा वर्सांनी, मला सांगता यायचं न्हाई. मोडला नसताबी. पर मोडला असता तर हे सांगायला तू मला परत कुठं भेटली असतीस?"

क्रांतीनं दोन्ही फाका पिशवीत घातल्या आणि ती गेली. अडीच महिने ती शेडकडं फिरकली नाही.

लालासाहेबांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली, तीन आठवड्यांच्या अंतरानं. पट्टी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं काम बघितलं. खुंटीला टांगलेल्या एका फ्रेमचा जोड त्यांनी हातात घेतला, तर त्यावर पितळेचे ओघळ होते, एका बाजूला जळल्याचा डाग होता. ते राहीबाईंना म्हणाले, "हे मी असं देत हुतो लोकांस्नी." राहीबाई म्हणाल्या की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पाऊस सरल्यापासून डिसेंबरपर्यंत केलेल्या सायकली त्यांनी आठवून आठवून वहीवर उतरवल्या. क्रांतीची आणि रहिमतपूरची सोडून चौदा निघाल्या. प्रत्येकाला फोन केला, सायकल परत आणा म्हणून सांगितलं. ज्यांना येणं जमत नव्हतं त्यांच्या घरी एसटीनं गेले. ग्रुपवर धैर्यशीलनं चिरलेल्या चिमट्याचा फोटो टाकला. टाक असं त्यांनीच सांगितलं होतं. काहींनी त्यांचं नाव काढणं सोडलं. एक डॉक्टर त्यांच्याकडून आधी केलेल्या तीन सायकलीही पुण्याला तपासायला घेऊन गेले. लालासाहेब म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी." तेरा सायकली तपासून झाल्या. त्यात दोन जोड कच्चे निघाले, ते पुन्हा केले. क्रांती फेब्रुवारीच्या शेवटी आली, दुसऱ्या चिमट्यासह. तो बसवून घेतला, पण पितळेनं जोडायचं काम त्यांना दिलं नाही. बसवताना ती शेजारी उभी राहून बघत होती. चहा मात्र तिनं घेतला.

चौदावी सायकल कुंडलच्या वीरधवलची. तिच्या फ्रेमचा मागच्या चाकाकडचा त्रिकोण लालासाहेबांनी ऑक्टोबरात जोडला होता. वीरधवल द्राक्षबागायतदार आहे, अंगानं दणकट, मनानं हट्टी. "चार महिनं चालवतोय, काय झालं न्हाई. तुमी मनाला लावून घेऊ नका आबा," असं म्हणून तो सायकल द्यायला तयार नाही. लालासाहेब दोनदा कुंडलला जाऊन आले. दुसऱ्यांदा त्यांनी ती त्याच्या अंगणात उलटी करून भिंगातून बघितली. वरून जोड चांगला होता. कापू द्यायला तो तयार झाला नाही. त्याची बायको मात्र दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "आबा, तुमी फोन करत जावा."

वीरधवल दर रविवारी सकाळी सायकल घेऊन निघतो आणि अकरापर्यंत घरी येतो. साडेअकराला लालासाहेब त्याला फोन लावतात. मी दोनदा त्या वेळी शेडवर होतो. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, फोन कानाला लावून बाकड्यावर बसले. पलीकडं घंटी वाजत राहिली. राहीबाईही भाकरी थापायच्या थांबल्या होत्या.

"आलायस का?" ते म्हणाले. मग ऐकलं. "बरं. बरं. पाणी पी."